पप्पांचा राहिलेला आकडा

केडगाव
गुरुवार, ४ फेब्रुवारी १९९९

पाकिटावर तू 'श्री. गोरक्षनाथ काका यांना द्यावे' असं लिहिलंस आणि खाली पत्ता घातलास माझ्या घराचा. घर माझं. मशीन माझ्या घरात. नवरा माझा गेला. आणि पाकीट गोरक्षनाथला. मी काय पोस्टाची पेटी आहे का, रेबेका? पोस्टमनच्या कागदावर सही मी केली, तेव्हा फोडलं पण मीच.

आत एक काळी फ्लॉपी आणि टाइप केलेली दोन पानं. एक नंबर, दोन नंबर करत लिहिलेली. आधी चालू काम थांबवा. मग फाइल फ्लॉपीवर घ्या. मग बरोबर आली का बघा. मग इथली फाइल पुसून टाका, नाहीतर एकच काम दोन ठिकाणी चालू राहील आणि घोटाळा होईल. बोर्डिंगात माझ्या किचनला मोठी शेगडी आली तेव्हा तिच्यासोबत असंच पान आलं होतं. त्याच्यात पण माझं नाव नव्हतं.

मी चौथी शिकले, पण मराठी वाचता येतं मला. पुण्यात जाऊन विसरलीस वाटतं. दोनदा वाचलं. तोवर डाळ खाली लागली.

तीन वर्षांत मी तुला एक अक्षर लिहिलं नाही. लिहिणार पण नव्हते. पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि मशीनच्या मागचा बिस्किटाचा डबा काढला. आत सात फ्लॉप्या. सातींवर कागद चिकटवलेला, तारीख, आणि 'पप्पांकरता'. पाकिटावरचंच अक्षर. क ला शेपूट काढायची खोड तुझी दुसरीपासनं आहे, मीच त्याच्यासाठी तुला पट्टी मारली होती.

म्हणजे आकडे तू पाठवत होतीस.

मला पप्पा सांगायचे की आकडे कॉलेजातून येतात. कॉलेजने जुनं मशीन काढलं, फिजिक्सच्या सरांनी ह्यांना घरी न्यायला दिलं, एवढं खरं. एकोणतीस वर्षं त्या लॅबमध्ये काचेच्या नळ्या पुसल्या माणसाने, एक मशीन दिलं तर काय बिघडलं. पुढचं सगळं खोटं. मी विचारलं होतं, हे दिवसभर काय घरघर करतंय? तर म्हणाले, बायडा, जगात कुठंतरी काही लोक लांबच लांब आकडे वाटतात. ज्याच्याकडे मशीन आहे आणि हौस आहे त्याने एक घ्यायचा. मशीन बघतं की त्याला कशाने भाग जातो का. पगार नाही, काही नाही. म्हटलं, आणि निघणार काय? म्हणाले, बहुतेक काही नाही. भाग जातो असंच निघतं. म्हटलं, मग कशाला लाईट जाळता? तर म्हणाले, काही नाही हे पण कुणीतरी बघून सांगावं लागतं.

मी म्हटलं, मी सांगते की बिनपगारी. तेव्हा हसले होते.

आता तुझ्या पानांवरून कळलं, आकडा तुझ्या ऑफिसातल्या इंटरनेटवरून उतरायचा, फ्लॉपीवर कॉलेजच्या पत्त्यावर यायचा, इथं महिनोन्महिने चालायचा, आणि उत्तर दुसऱ्या फ्लॉपीवर तुझ्याकडे. तीन वर्षं माझ्या हातचं जेवून माणसाने मला ताकास तूर लागू दिली नाही. गोरक्षनाथला माहीत. कॉलेजच्या शिपायाला माहीत. मला नाही.

ते गेले त्या दिवशी महिला मंडळाच्या बायकांनी मशीन बंद केलं. पुढच्या खोलीत ह्यांना ठेवलं होतं आणि मशीन घरघरत होतं. रंगुबाईने भिंतीतलं बटन खाली केलं आणि वर चादर टाकली. मला वाटलं, संपलं ते पण. नऊ दिवसांनी चादर धुवायला काढली. बटन वर का केलं ते मला सांगता येणार नाही. हात गेला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि खाली आकडा, ६४.१८. गेले त्या दिवशी सकाळी ह्यांनी कॅलेंडरवर लिहिलेला तो ६४.०६. मशीन तिथंच उभं होतं आणि तिथनंच पुढं निघालं. आज ६९.४१ आहे. रोजचा आकडा आता मी लिहिते. आकडे लिहायला चौथी पुरते.

आणि एक. तू मयताला आलीस आणि कबरस्तानच्या फाटकापासनं परत गेलीस. सगळ्यांनी पाहिलं. कारभारीमामाला तू तोंड दाखवायचं कसं हा तुझा प्रश्न. त्याच्या मुलाशी तुझं ठरलं, चर्चमध्ये दोन रविवार लग्नाची घोषणा झाली, आणि तिसऱ्या रविवारच्या आधीच तू पुण्यात त्या संदीपबरोबर सह्या करून मोकळी. पण बाप तर बाप होता. आत यायला पाय बांधले होते का?

एकतीस मार्चला कॉलेज मशीन परत नेणार, ऑडिट आहे, हे गोरक्षनाथने तुला कळवलं आणि मला नाही. आज मला कळलं, तुझ्या पानावरून. फ्लॉपी मी त्याला दिलेली नाही. माझ्या पिशवीत आहे. काय करायचं ते मला लिही. माझ्या नावाने लिही.

बायडाबाई


केडगाव
मंगळवार, १६ फेब्रुवारी १९९९

पत्र मिळालं. नाव बरोबर घातलंस. 'ती. आईस' लिहून खोडलंस आणि 'श्रीमती बायडाबाई साळवे' लिहिलंस, ते खोडलेलं पण वाचता येतं. पुढच्या खेपेला नवीन कागद घे.

तू लिहिलंस की आकडा एकदा घेतला की वेळेत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर तो दुसऱ्या कुणाला देतात आणि पहिल्यापासनं होतं. पप्पांचे सात महिने वाया जातील. तुझ्या ऑफिसातलं मशीन दमदार आहे, उरलेलं दोन आठवड्यांत करेल. ठीक आहे. मी आडवी येत नाही. सात महिने लाईट गेली की मी पण बघत होते, आली की ते बटन वर करायला धावायचे, जेवता जेवता उठायचे. एवढं धावलेलं माणूस. होऊ दे पुरं.

गोरक्षनाथ रविवारी दुपारी आला. चर्चहून मी आले तर तो ओट्यावर बसलेला, हातात तुझी पानं, मी आदल्या दिवशी पाठवलेली. मी दार उघडलं. तोच म्हणाला, "वहिनी, माझ्यावर राग हाय तुमचा."

म्हटलं, "भावजी, तीन वर्षं तुम्ही माझ्याकडं चहा प्यायलात. किती कप झाले असतील?"

"योहाननं शपथ घातली हुती, बायडाला सांगायचं न्हाई म्हनून."

"मग आता चहा नाही."

"नको," म्हणाला. "मला पान्यावर बी चालंल."

पाणी दिलं. तो मशीनसमोर ह्यांच्या खुर्चीत बसायला गेला, मी स्टूल पुढं केलं. समजला. स्टुलावर बसला.

त्याने काहीतरी दाबलं आणि घरघर थांबली. नाही, पंखा चालू होता, पण आतली ती किरकिर थांबली. आकडा ७२.८८ वर उभा. मी म्हटलं, आता हे मेलं का? म्हणाला, "न्हाई वहिनी. झोपलंय. झोपल्याशिवाय उचलायचं न्हाई. जागेपनी उचललं तर अर्धं हिकडं अर्धं तिकडं." त्याला पण तू लिहिलेलं वाचूनच कळत होतं, पण सांगत होता असं की जणू कॉम्प्युटर त्याच्या शेतात पिकतात.

फ्लॉपी आत घातली. आवाज झाला. म्हणाला, आली. परत काढून घातली, परत बघितलं, म्हणाला, बराबर हाय. मग त्याने माझ्या कॅलेंडरच्या मागं एक ओळ लिहून ठेवली, इंग्रजी, म्हणाला, "आता ही टाकायची. मशीन विचारंल, पुसू का? वाय दाबलं की पुसंल. एन दाबलं की न्हाई. म्या टाकू?"

म्हटलं, ओळ तुम्ही टाका. बटन मी दाबेन.

ओळ टाकली. मशीनने विचारलं. गोरक्षनाथला पाच वाजताची पाथर्डी गाडी धरायची होती, तो पायताण घालायला लागला. "दाबा, वहिनी, एवढं काय त्याच्यात." मी म्हटलं, तुमची गाडी जाईल. तो गेला. शेवटचं बटन मी माझ्या हाताने दाबलं. झालं.

फ्लॉपी आज रजिस्टरने पाठवली. तुझ्यासारखी नुसत्या पाकिटात नाही. दोन्हीकडून वहीचा पुठ्ठा लावला, मांजरपाटाचं कापड घेतलं, चारी बाजूंनी बारीक टाचलं, धावदोरा नाही, उलटी टीप. वर लाख लावली. पोस्टातला म्हणाला, एवढ्याशा वस्तूला एवढं कशाला, बाई. म्हटलं, तुझं काम शिक्के मारायचं, मार. पाच सीलं आहेत, चार कोपऱ्यांना आणि एक मधोमध. ठसा पप्पांच्या कॉलेजच्या कोटाच्या बटणाचा आहे. कुणी उघडलं असेल तर तुला लगेच कळेल. पत्ता मी कापडावर लिहिला, पेन फुटत होतं तरी गिरवून लिहिला. एवढं निगुतीने बांधलेलं पार्सल तुझ्या ऑफिसात कुणाला आलं नसेल.

मिळाल्याचं लगेच कळव.

घर शांत आहे. बोर्डिंगला सध्या एकशे दहा पोरं आहेत, सकाळी भाकरी थापून मनगट दुखतं. बाकी काही नाही.

बायडाबाई


केडगाव
मंगळवार, २ मार्च १९९९

तुझ्या चार ओळी मिळाल्या.

मला माहीत नव्हतं. लाखेने काय होतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या दोन पानांत एक, दोन, तीन, चार होतं, पार्सलला लाख लावू नका असं कुठंही नव्हतं. मी आत्ता परत काढून वाचलं. नाही. माझ्या आईने बोरीबंदरला मामाला लाडू पाठवले ते असेच पाठवले, तुपाचा डबा गेला तो असाच गेला. चांगली वस्तू अशीच बांधतात. मधलं सील लावलं तेव्हा पुठ्ठा होता खाली. पुठ्ठ्याला धग लागते हे मला आता कळतंय. मेणबत्तीवर लाख नीट पातळ होऊ दिली होती मी, ठसा चांगला उठावा म्हणून.

तू लिहिलंस, आतली चकती वाकली, उघडत नाही, तीन मशीनवर घालून बघितली. इथली फाइल पुसली असेल तर आता कुठंच काही नाही. आणि खाली, 'राहू दे, आई.'

आई लिहिलंस. खोडलं नाहीस. बघितलं मी.

चिडली असतीस तर मला बरं गेलं असतं. मी चार दिवस उत्तराचा विचार करत होते, तू अमुक लिहिशील, मी तमुक लिहीन. सगळं जमवून ठेवलं होतं. राहू दे, याला काय लिहायचं.

तू विचारलंस ते सांगते. पप्पा कसे गेले ते तरी सांग, असं लिहिलंस. मी सगळ्यांना सांगितलं झोपेत गेले. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत तेच घेतलं, प्रभूने झोपेत नेलं. तसं नव्हतं.

सोमवार होता, अकरा तारीख. त्यांची रजा होती. जेवण झालं. वांग्याचं भरीत होतं, मीठ कमी झालंय म्हणाले. खुर्ची ओढून मशीनसमोर बसले. मी मागं मोरीत कपडे घेऊन बसले. तिथनं त्यांची पाठ दिसते. मी बोलत होते. काय बोलत होते ते पण सांगते. पाण्याचा नळ गळतो, सहा वेळा सांगितलं. रंगुबाईच्या नातीचं बारसं, मी एकटी जायचं का. दिवसभर त्या डबड्यात तोंड घालून बसता, बायको बोलते ते ऐकू येतं का. असं. सगळे कपडे पिळून झाले तोवर बोलत होते. ते उत्तर देत नव्हते, पण ते कधीच देत नसत, म्हणून मला काही वाटलं नाही. बादली घेऊन वाळत घालायला पुढं आले तेव्हा बघितलं. हात मांडीवर होते. डोळे मशीनकडे.

मी आधी कपडे वाळत घातले. मग रंगुबाईला हाक मारली. हे कुणाला माहीत नाही. ओले कपडे बादलीत ठेवून कुठं जायचं, एवढंच डोक्यात होतं.

मशीन चालू होतं. आकडा चढत होता. तो कितीवर असताना ते गेले, ते मला माहीत नाही. ६४.०६ आणि ६४.१८ च्या मधे कुठंतरी.

तेव्हापासनं मला रडू आलेलं नाही. बायका म्हणतात, साठवू नको, बायडा. मी काही साठवत नाही. आतमध्ये काही नाहीच. भाकरी करते, जेवते, चर्चला जाते. गीत म्हणते तेव्हा तोंड हलतं. काल दही चांगलं लागलं. उन्हाळा लागायला आला तरी सकाळी गार असतं, म्हणून पातेलं मशीनला टेकवून ठेवते, उबेला. घट्ट लागतं, सुरीने कापावं असं. खायला कुणी नाही, बोर्डिंगला नेते.

तुला अजून काय सांगू. राहू दे तर राहू दे.

आई


केडगाव
सोमवार, १५ मार्च १९९९

दह्याचं तू बरोबर पकडलंस.

मला वाटलं होतं निसटून जाईल. पण तू बापाची मुलगी. त्यांना पण मीठ कमी झालेलं पहिल्या घासाला कळायचं. 'मशीन बंद असेल तर ऊब कुठली,' एवढंच लिहिलंस, एक ओळ, बाकी पान कोरं. त्या कोऱ्या पानाचं उत्तर देते.

पुसलेलं नाही.

बटन मी दाबलं असं लिहिलं होतं. कोणतं ते लिहिलं नव्हतं. मशीनने विचारलं, गोरक्षनाथ पायताण घालत होता, वाय वर बोट ठेवलं होतं मी. ते एन वर गेलं. एन दाबलं. मशीन गप्प झालं. गोरक्षनाथ लांब गेला असेल एवढा वेळ थांबले, मग भिंतीतलं बटन खाली केलं, परत वर केलं. ते पप्पांनी करून ठेवलेलंच आहे, लाईट आली की आपलं आपण सुरू होतं. ७२.८८ वरून निघालं. ७२.८९ झालं तेव्हा मी चुलीकडे गेले.

तुला खोटं लिहिलं. एकच काम दोन ठिकाणी चालू नको, हे वाचलं होतं मी. दोनदा वाचलं होतं. तरी म्हटलं, तुझ्याकडे पण चालू दे, माझ्याकडे पण चालू दे. काय बिघडतं. घोटाळा झाला तर त्या आकडेवाल्यांचा होईल. मला घरात ती किरकिर पाहिजे होती. मी बोलते तेव्हा कुणीतरी उत्तर न देता बसलेलं असावं, एवढीच सवय आहे मला.

फ्लॉपी जळाल्याचं तुझं पत्र आलं तेव्हा त्याच दिवशी लिहायला पाहिजे होतं. तू तिकडं, सगळं गेलं म्हणून बसलेली, आणि इथं माझ्यासमोर आकडा चढतोय. तेरा दिवस गप्प बसले. का, ते आता लिहिते. लिहिलं असतं तर तू दुसरी फ्लॉपी पाठवली असतीस. पाकिटात. गोरक्षनाथच्या नावाने. तो आला असता, स्टुलावर बसला असता, उचलून दिलं असतं, आणि एकतीस तारखेला मशीन पण गेलं असतं. मग तुला या पत्त्यावर लिहायला काही उरलं नसतं. मला पण.

आता दुसरं. ते पण सांगून टाकते, एकदाच शाई लागू दे.

फाटकाचं. पहिल्या पत्रात मी तुला विचारलं, पाय बांधले होते का. तू त्याचं उत्तर दिलं नाहीस. कारभारीमामा फाटकात आला आणि तुला म्हणाला, आत यायचं नाही, आमचा तमाशा नको. तुला वाटतं ते त्याच्या मनाचं. त्याच्या मनाचं नव्हतं. तो मला विचारायला आला होता. म्हणाला, "बायडे, पोरगी फाटकात हुभी हाय. घिऊ का आत?" आपला अपमान पोटात घालून विचारत होता तो. मी म्हटलं, नाही. त्याने परत विचारलं, "बापाचं मयत हाय, बायडे." मी म्हटलं, फाटक लाव. मी मान वर केली नाही, पण तू निळ्या कपड्यांत होतीस, आणि पायात चप्पल नव्हती. गाडीतनं उतरून धावत आली असशील. एवढं मी मान वर न करता बघितलं.

मामाला बोल लावू नको. तो बोल माझा आहे.

हे मी माफी मागायला लिहीत नाही. मला ते येत नाही आणि आलं तरी या वयात शोभणार नाही. घडलं तसं लिहिलं. तू लग्न केलंस ते चुकलंच तुझं. घोषणा झालेल्या चर्चमध्ये तीन वर्षं मी शेवटच्या बाकावर बसते. ते तुझं. फाटक माझं. दोन्ही राहू देत आपापल्या जागी.

आता कामाचं बोलते.

आज आकडा ८२.७४ आहे. एकतीस मार्चला मशीन जाणार, पक्कं झालं. कॉलेजचा स्टोअरवाला काल येऊन बघून गेला. वही घेऊन आला होता, कॉलेजच्या सामानाची, डेडस्टॉकची, तिच्यात मशीनचा नंबर लिहिलेला आहे. मी विचारलं, नेऊन काय करणार? म्हणाला, "गोडाऊनला टाकणार, मावशी. मग भंगारात." म्हटलं, महिनाभर थांबलात तर काय होईल? म्हणाला, "ऑडिट थांबत नाही." चांगला माणूस आहे, दही दिलं त्याला. पण थांबणार नाही. तोपर्यंत अठ्ठ्याऐंशीच्या आसपास जाईल. पुरं होणार नाही. मी हिशोब केला आहे, कॅलेंडरच्या मागं, गोरक्षनाथच्या ओळीच्या खाली. पुरं व्हायला मे लागतो.

म्हणून न्यायचं तर न्यायलाच पाहिजे. ते मला पण कळतं. ते अर्धं राहिलेलं गोडाऊनला जाऊ देणार नाही मी. काही निघणार नाही त्याच्यातनं, हे पण कळतं. पण ते कुणीतरी बघून सांगायला पाहिजे.

पण आता फ्लॉपी पोस्टाने येणार नाही आणि जाणार नाही. गोरक्षनाथ हात लावणार नाही. मी तर नाहीच. तू यायचं. शनिवारी, सत्तावीस तारखेला, सकाळच्या गाडीने. पुणे रोडला उतर, वेशीपासनं चालत ये, रस्ता विसरली नसशील. चार फ्लॉप्या घेऊन ये, एकीवर भरवसा ठेवू नको. थांबवायचं तू, घ्यायचं तू, बरोबर आलं का चारदा बघायचं तू. मग मशीन विचारेल, पुसू का, तेव्हा वाय पण तूच दाबायचं. मी शेजारी उभी राहीन. ह्यांच्या खुर्चीत बस. स्टूल तुझ्यासाठी नाही.

मी त्या वेळी बोलत असेन. मला सवय आहे. तू उत्तर दे म्हणजे झालं, हूं तरी म्हण.

दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार आहे. चर्चला यायचं की नाही ते तुझं तू ठरव. पण कबरस्तानला जायचं आहे, ते मी ठरवलं आहे. मामाला सांगितलंय, फाटक उघडं ठेवायला. तो म्हणाला, "ते कवा बंद असतंय?" म्हटलं, एकदा होतं.

संदीपला आणायचं तर आण. बाजरीची भाकरी खातो का ते कळव, नाहीतर पोळ्या करायला मला पीठ आणावं लागेल. तुझ्या ऑफिसातल्या मशीनवर ते लावलंस की रोजचा आकडा मला कळवायचा, पोस्टकार्डावर. इथलं कॅलेंडर डिसेंबरपर्यंत आहे, मी मधेच मोकळं सोडणार नाही.

येणार की नाही, एवढंच लिही. होय की नाही. पोस्टाला दोन दिवस जायला, दोन यायला. सोमवारी, बावीस तारखेला, दुपारचा पोस्टमन येईल तोवर मी कामाला जाणार नाही, बोर्डिंगला तसं सांगून ठेवलं आहे. बावीस तारखेला तुझं उत्तर माझ्या हातात पाहिजे.

आई